शेजार आणि आपलेपणा

शेजार सरकारी हुकमानेही मिळू शकतो. आपलेपणा मात्र कोणत्याही हुकमाने मिळत नाही. भोपाळच्या टी. टी. नगरात, म्हणजे तात्या टोपे नगरात, याची प्रचीती आल्यावाचून राहत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ यांचे मिळून नवे मध्य प्रदेश राज्य झाले. तोवरच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. ती भोपाळास गेली; तिच्यामागून कचेऱ्या गेल्या आणि कचेऱ्यांमागून कारकुनांचे संसार. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा अशा दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबे सरकारी घरांत एकमेकांशेजारी राहू लागली. वसाहतीचे नावही त्यांना साजेसेच होते. येवल्यास जन्मलेला तो सेनानी नर्मदेपलीकडच्या मुलखात लढला आणि १८५९ साली शिवपुरीस फासावर गेला.

भिंतीच्या अलीकडे वऱ्हाडी बोली, पलीकडे माळवी वा बघेली. भिंत सामाईक असली, तरी मने लगेच सामाईक होत नाहीत. दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी जाते, ते रिकामे परत येत नाही. ही रीत चांगलीच. तथापि देण्यात मनुष्याचा मान राखला जातो, मागण्यात तो पणास लागतो. विरजण मागणाऱ्या गृहिणीस आपल्या घरातील उणीव दुसऱ्यापुढे उघडी करावी लागते. अपरात्री मूल तापाने फणफणले असता ज्याचे दार निःसंकोच ठोठावता येते, तोच आपला. त्यानेही पुढे तसेच आपले दार ठोठावले, म्हणजे हे नाते पुरे झाले. पसायदानात ज्ञानेश्वरांनी भूतमात्रांसाठी मैत्री मागितली, तीही परस्परांची.

अलीकडच्या काळात स्मार्ट सिटी योजनेसाठी या वसाहतीतील अनेक जुनी सरकारी घरे पाडण्यात आली. त्या सामाईक भिंती गेल्या. नव्या उंच इमारतींत राहावयास येणाऱ्यांना विरजण मागण्याची वेळ सहसा येणार नाही. हवी ती वस्तू दारात येऊन पडेल. पण निकड संपली म्हणून एकटेपणही संपेल, असे मानण्याचे कारण नाही. तेथेही कोणाला तरी संकोच सोडून शेजारचे दार प्रथम ठोठवावेच लागेल.