चिक चॉकलेटचा अल्बम कुठे सापडेल?

आजचा एपिसोड डिलाईल रोडवरून. पाटीवर ना. म. जोशी मार्ग लिहिलंय, पण इथे तसं म्हणतं कोण! हेडफोन लावा, आज ट्रम्पेट ऐकायचाय.

जॅझ म्हटलं की आधी माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' आठवतो. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत रेकॉर्ड झालेला अल्बम. वादक सात, आणि सातही जणांची नावं सापडतात. ड्रम्स कोणी वाजवले? जिमी कॉब. विषय संपला.

आता आपल्याकडे या. १९५१ चा 'अलबेला'. भगवानदादा म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा, त्यामुळे आपलाच माणूस. त्यांची स्टेप विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणी केली नाही? संगीत सी. रामचंद्रांचं, चितळकर नावाने गायलेत तेही तेच. सोबत लताबाई. ही नावं ॲपवर दिसतात. पण गाण्यामागचा बँड?

त्या बँडमधलं मोठं नाव चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातल्या हळदोण्याचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ताजमध्ये त्याचा बँड वाजायचा आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही तो असायचा.

गोव्याचेच वादक का? तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायची. आपले बरेच संगीतकार चाल पेटीवर ऐकवायचे. ती अख्ख्या ऑर्केस्ट्राने वाजवायची, तर प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद लिहायला हवा. हे काम बरेचदा गोव्याचे अरेंजर करत. चिक तर सी. रामचंद्रांचा सहायक होता. 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. तरी शोधायला गेलात तर नाव मिळतं गायकाचं, संगीतकाराचं, हिरोचं.

गिरणगावाला हे नवीन नाही. कापडाच्या ताग्यावर शिक्का गिरणीचा असायचा, विणणाऱ्याचं नाव कुठे असायचं?

चिक १९६७ मध्ये गेला. त्याचा अल्बम शोधायचा तर तो असा, दुसऱ्यांच्या गाण्यांमध्ये विखुरलेला आहे.

तर आजचा होमवर्क. 'अलबेला'ची गाणी लावा. एकदा मनसोक्त नाचा. दुसऱ्यांदा गायकांना जरा बाजूला ठेवा आणि मागचा बँड ऐका. आवडलं तर गाणं ग्रुपवर टाका, आणि खाली चिक चॉकलेटचं नाव लिहा. एवढं तरी आपल्या हातात आहे ना?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!