अंतर कमी झालं, पण...
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आपल्या भागातलं उच्च शिक्षण’ हा विषय दिला आणि दहा मिनिटं दिली. आयुष्यभर पन्नास मिनिटांचे तास घेतलेल्या माणसावर हा अन्यायच आहे. पण प्रयत्न करतो.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू चौथी शिकले. त्या काळी परभणीच्या पोराला विद्यापीठ म्हणजे हैदराबाद. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात सगळं शिक्षण उर्दूतून चाले. विज्ञानसुद्धा देशी भाषेत शिकवायचं, हा प्रयोग धाडसाचा होता. पण घरी मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला ती भाषाही परकी आणि ते गावही लांबचं.

१७ सप्टेंबर १९४८ला आपण मोकळे झालो. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. १९५६ साली परभणीला कृषी महाविद्यालय आलं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. मग कृषी विद्यापीठ परभणीलाच पाहिजे म्हणून आपली माणसं रस्त्यावर उतरली आणि १८ मे १९७२ला ते मिळालं. त्याच वर्षी दुष्काळ होता. वडीलधारी मंडळी खडी फोडायला जात होती आणि इकडे विद्यापीठ उभं राहत होतं, हे विसरू नका. त्या विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी पुढे देशभर गेली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण गमतीनं म्हणतो. भेंडीपुरतं तरी ते फार खोटं नाही! १९९४ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विद्यापीठ झालं. म्हणजे आजोबांचं विद्यापीठ हैदराबादला, वडिलांच्या पिढीचं औरंगाबादला, आपल्या मुलांचं नांदेडला. अंतर दर पिढीला कमी होत गेलं.

पण एक अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. त्याबद्दल आज बोलायचंच, असं ठरवून आलोय.

आपला दहावीचा निकाल लागला त्याच पावसाळ्यात, २७ जुलै १९७८ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. पुढे काय झालं, ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. वस्त्या जळाल्या, माणसं गेली. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी विद्यापीठाच्या नावावरून शेजाऱ्यांची घरं पेटवली.

माझ्या बाकावर बसणारा माझा मित्र माझ्याबरोबर अकरावीला येणार होता. गणितात तो माझ्यापुढे होता, हे सरांना आठवत असेल. तो आलाच नाही. घरचे त्याला घेऊन रातोरात मुंबईला मावशीकडे गेले. जाण्याआधी तीन दिवस तो वस्तीतच होता. माझ्या घरून तिकडची वाट पाच मिनिटांची. घरचे म्हणाले, “जाऊ नको.” मी गेलो नाही. पुढे मी शिकलो, शिकवलं, ‘सर’ झालो. पण ती पाच मिनिटं मला चालता आली नाहीत.

सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. त्यानं मुंबईत गोदीत काम करत रात्रीच्या कॉलेजातून पदवी घेतली होती. आज तो इथे बसलाय. “हे बोलू का?” म्हणून काल त्याला फोन केला. म्हणाला, “बोल. पण माझं नाव घेऊ नको. आणि लवकर आटप, जेवण थंड होतं.”

तेव्हा आटपतो. आज तालुक्या-तालुक्याला कॉलेज आहे, परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयसुद्धा आलंय. पण मी ज्या कॉलेजात शिकवलं, तिथे शेवटची काही वर्षं हजेरीपटावर ऐंशी नावं आणि वर्गात बारा पोरं, असं चालायचं. रिकाम्या बाकांसमोर शिकवून मी पगार घेतला. न येणारी पोरं कुठे होती? कुणी पुण्याला कंपनीत, कुणी दुसऱ्याच्या शेतात रोजानं. कॉलेज दाराशी आलं, पण महिनाभर मेसचे पैसे भरण्याची ऐपत दाराशी आली नाही.

म्हणून एकच मागणं. शाळेला कमान बांधून देण्याचा आपला विचार चाललाय. कमान पुढच्या वर्षी बांधू. यंदा त्या पैशातून बारावीनंतर परभणीला शिकायला जाणाऱ्या आपल्या शाळेच्या पोरापोरींचा जेवणाचा डबा भरू. जात विचारायची नाही, मार्क विचारायचे नाहीत. वर्गात जातोस का, एवढंच विचारायचं. पहिले पैसे माझ्या पेन्शनचे. हिशेब ठेवायला माझ्या मित्राला सांगितलंय. गणित त्याचंच चांगलं आहे.