मक्केची दिशा आणि दहावीचं गणित

साइन, कोसाइन, टॅन पाठ करताना प्रत्येक मुलाला वाटतं, याचा उपयोग काय? शिक्षकांना माझी विनंती आहे, भिंत आणि शिडीच्या आधी मुलांना एक प्रवास आखायला द्या. मुंबई ते मक्का.

मुंबई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर, मक्का २१.४ वर. रेखांशांतला फरक ३३ अंश. सपाट नकाशावर काटकोन त्रिकोण काढा, २.४ ला ३३ ने भागा. टॅनच्या तक्त्यातून दिशा मिळते ती पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे ४ अंश. आता पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो मुंबईहून सुमारे १० अंश उत्तरेकडे झुकून निघतो. सर्वांत जवळची वाट हीच. लांबच्या विमानप्रवासाचा मार्ग आखताना हाच हिशेब लागतो, किब्ला काढतानाही.

हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने गझनी शहराची किब्ला ठरवण्यासाठी अक्षांश-रेखांश मोजले, त्यावर ग्रंथ लिहिला. प्रश्न श्रद्धेचा होता, उत्तर मोजून काढलं.

आज मोबाइल दिशा दाखवतो. ती बरोबर आहे का, हे तपासणं आपल्याला यायला हवं. दहावीनंतर गणित सोडायचं ठरवलेल्या मुलामुलींनो, आधी आपल्या गावाहून एवढं गणित करून बघा. मग ठरवा.