देवघरातली भांडी

जुना चीन म्हटला की आपल्याला ह्युएनत्संग आठवतो. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला, राजा पुलकेशीबद्दल आणि इथल्या मानी माणसांबद्दल लिहून गेला. आपला चीनचा अभ्यास तिथंच संपतो. तो परत गेला तेव्हा काय झालं, हे कुणी विचारत नाही, याचा मला राग आहे. बंदी मोडून देशाबाहेर पडलेला हा बौद्ध भिक्षू ६४५ मध्ये परतला, तर सम्राट ताइत्सुंगानं त्याला शिक्षा केली नाही. पश्चिमेकडच्या देशांची खडान्‌खडा माहिती विचारून घेतली. चीवर उतरवून दरबारात नोकरी धर, असंही सुचवलं. त्याच्या तांग घराण्याच्या दरबाराची नजर कशी होती ते इथं दिसतं. धर्म हवा, पण तो सरकारी वहीत नोंदलेला.

आता येऊ ८४५ सालाकडे. याच घराण्याच्या सम्राट वूत्सुंगानं बौद्ध मठांवर घाव घातला. त्याच्याच फर्मानातले आकडे ऐका: ४,६०० मठ पाडले, ४०,००० हून अधिक लहान देवळं गेली, २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडलं, मठांचे दीड लाख गुलाम करदात्यांच्या यादीत आले. ख्रिस्ती आणि पारशी धर्मगुरूही सुटले नाहीत. लोक लगेच म्हणतात, धर्मद्वेष! वूत्सुंग ताओपंथी होता, अमरत्वाच्या गुटिका घ्यायचा, हे खरंच. पण पाडापाडीनंतर कशाचं काय केलं ते बघा. काशाच्या मूर्ती आणि घंटा वितळवून नाणी पाडली. लोखंडाची शेतीची अवजारं केली. सोनं-चांदी तिजोरीत गेलं. द्वेषानं पेटलेला माणूस मूर्ती फोडतो. इथं कुणीतरी तराजू घेऊन बसलेला दिसतो.

एखादं मोठं एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून देवघरात जातात. समया, घंटा, ताम्हनं, अभिषेकपात्रं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला तांब्या उरत नाही. त्यात दोन भाऊ म्हणतात, आम्ही देवाचे झालो, आता शेतावर येणार नाही. एक दिवस कर्ता पुरुष वैतागतो आणि समया भट्टीत घालतो. इथपर्यंत इतिहासाची पुस्तकं सांगतातच. मी विचारतो ते निराळं. देवघराची किल्ली त्या भावांना दिली कुणी? कर्त्यानंच. तीही पैसे मोजून घेऊन!

होय, विकली. ७५५ मध्ये सेनापती आन लूशानचं बंड उसळलं. बंडाआधी सरकारी पटावर सुमारे ८९ लाख घरं होती; ७६० मध्ये उरली १९ लाख. एवढी माणसं मेली नव्हती, पट फाटला होता. लढाईला पैसा हवा. मग सरकारनं काय केलं? भिक्षुपदाचे परवाने विकायला काढले. भिक्षू झालं की कर माफ, वेठ माफ. म्हणजे आजची रोकड घेऊन उद्याचा करदाता सोडून द्यायचा. नव्वद वर्षांनी त्याच दरबारानं कपाळावर हात मारला, की करदाते गेले कुठे! कृपा करून हे विसरू नका, म्हणून पुन्हा सांगतो: परवाने विकणारं सरकार आणि मठ पाडणारं सरकार एकाच घराण्याचं.

हान यूचं नाव इथं घेतलंच पाहिजे. ८१९ मध्ये बुद्धाच्या बोटाचं म्हणून एक हाड राजवाड्यात मिरवत आणलं, तेव्हा या कन्फ्यूशियसपंथी अधिकाऱ्यानं सम्राटाला खरमरीत अर्ज लिहिला. फाशी टळली, पण दूर दक्षिणेत बदली झाली. त्याच्या अर्जात परकेपणाची चीड आहे, तशी लोकांच्या कामधंद्याची काळजीही... त्यावर स्वतंत्र बोलायला हवं. आणि सम्राज्ञी वू! ६९० मध्ये एका बौद्ध सूत्राचा आधार घेऊन ती गादीवर बसली, तर तांग घराणं स्वतःला लाओत्सेचे वंशज म्हणवून घेत होतं. ज्याला जो देव सोयीचा.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय, तेव्हा आवरतो. एन्निन नावाचा जपानी भिक्षू ८४५ च्या त्या पाडापाडीत राजधानी चांगआनमध्ये अडकला होता. चीवर काढून साध्या माणसाच्या वेषात त्याला राजधानी सोडावी लागली. त्याची रोजनिशी आज उपलब्ध आहे, ती मिळवून वाचा; माझ्यावर विसंबू नका. वूत्सुंग ८४६ मध्ये वारला, अमरत्वाच्या औषधांनीच प्रकृती ढासळली होती म्हणतात. नव्या सम्राटानं मठ पुन्हा उघडू दिले. देवघरात पुन्हा समया लागल्या. आणि परवान्यांचा धंदा? तो पुढं सुंग घराण्याच्या काळात असा फोफावला, की कोरे परवाने हुंडीसारखे हातोहात फिरू लागले, भिक्षू न होताच लोक त्यांची खरेदी-विक्री करू लागले. ती हकिगत सांगायला आणखी दहा मिनिटं हवीत, ती मला कुणी देणार नाही.