रात्री पायांची आग होते तेव्हा

जुन्या मधुमेहात पायांच्या नसांना इजा होते आणि तिची पहिली जाणीव बहुतेकांना रात्री अंथरुणात होते. तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात, मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ पोटरीपर्यंत जाते. काहींना पायावरची सुती चादरसुद्धा सोसवत नाही. मात्र ज्या तळव्याची एवढी आग होते, त्याच तळव्यात रुतलेला खडा कळत नाही. दुखणे आणि बधिरपणा एकाच पायात एकाच वेळी असतात. हे ध्यानात न घेता केलेले उपाय अंगाशी येतात.

कमरेच्या मणक्यांजवळून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतू सुमारे एक मीटर लांब असतो आणि त्याचे पोषण मणक्याजवळच्या पेशीकडून होते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की तंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्या, दोन्ही बिघडतात. सर्वांत लांब तंतूची शेवटची टोके आधी जातात. म्हणून हा त्रास दोन्ही पायांत साधारण सारखा असतो, बोटांपासून सुरू होतो आणि मोजा वर ओढावा तसा चढत जातो. तो गुडघ्यांच्या आसपास पोचेपर्यंत हाताची बोटेही बधिर होऊ लागतात. तंतूही दोन तऱ्हांचे. बारीक तंतू वेदना आणि गरम-थंड यांची खबर देतात; जाड तंतू स्पर्श, कंप आणि पाऊल कुठे आहे याची. अर्धवट बिघडलेले बारीक तंतू कारण नसताना संदेश पाठवत राहतात, ती आग. जे मेले ते काहीच पाठवत नाहीत, तो बधिरपणा.

दिवसा काम, चालणे, बोलणे यांत मेंदू गुंतलेला असतो, रात्री त्याला पायांखेरीज दुसरी खबर उरत नाही. त्यात पांघरुणाची ऊब आणि त्याचा स्पर्श. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना सहन करण्याची ताकद घटते आणि त्या रात्री आग अधिक जाणवते. हे चक्र तोडणे हा उपचाराचा मोठा भाग आहे.

रात्री पाय दुखणारा प्रत्येक जण या आजाराचा रुग्ण नसतो. पोटरीत गोळा येऊन ती दगडासारखी होते, तो स्नायूचा पेटका. पाऊल हाताने गुडघ्याकडे ओढले की सुटतो. पाय सारखे हलवावेसे वाटतात, उठून चार पावले टाकली की बरे वाटते, असे असेल तर शरीरातील लोह तपासावे लागते. एकाच पायात, नितंबापासून खाली उतरणारी कळ सायटिकाची. ती सकाळी वाकून तोंड धुताना उसळते, कारण रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तिथे उठल्यावर पहिला तासभर कंबरेत न वाकणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. सकाळी पहिल्या पावलालाच टाच ठणकते आणि थोडे चालल्यावर कमी होते, ते टाचेच्या पडद्याचे दुखणे, नसेचे नव्हे. पाय पलंगाखाली लोंबते सोडल्यावर बरे वाटत असेल तर मात्र रक्तवाहिन्या तुंबल्याचा संशय घ्यावा आणि वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

तपासणी साधी आणि स्वस्त आहे. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवायचा, १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा, टाचेमागे हातोडी मारून पाहायची. पाच मिनिटांत पाय कितपत जागा आहे ते कळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर मांडली आहे. एवढ्या मोठ्या संख्येत मोजे-चपला काढायला लावून दरवर्षी पाय पाहिला जातो असे रुग्ण थोडेच, आणि ही उणीव महागड्या यंत्राने भरून निघणारी नाही. सोबत ब-१२ जीवनसत्त्व तपासणे आवश्यक. शाकाहार, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेली मेटफॉर्मिनची गोळी आणि आम्लपित्तासाठी रोज घेतलेले औषध या तिन्ही गोष्टींनी ते घटते, आणि या तिन्ही एकाच माणसात सापडणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. ही कमतरता भरून काढता येते. दारू, थायरॉइडचा विकार आणि कुष्ठरोग ही कारणेही वगळावी लागतात. कातडीवर फिकट, न दुखणारा चट्टा दिसला तर तो दाखवलाच पाहिजे.

साखर आटोक्यात ठेवणे हा पाया. बालपणी किंवा तरुणपणी होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहावर अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांची मोठी चाचणी झाली. १९९३ मध्ये तिचे निष्कर्ष आले; काटेकोर नियंत्रणाने नसांचा विकार होण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात फायदा एवढा ठळक नाही, कारण तिथे वजन, रक्तदाब, चरबी आणि धूम्रपान हेही नसांवर परिणाम करतात. आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा सांगितली जात नाही. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरवली तर काही आठवड्यांत पायांची आग भडकू शकते. १९३३ पासून ही घटना वैद्यकीय लेखनात नोंदलेली आहे. अशा वेळी इन्सुलिनने पाय बिघडवले असे म्हणून ते बंद करणे चुकीचे. हा त्रास बहुधा काही महिन्यांत ओसरतो.

औषधांच्या बाबतीत पहिला गैरसमज साध्या वेदनाशामकांचा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या सूज उतरवतात, पण नसेच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. मधुमेहीच्या मूत्रपिंडावर मात्र भार पडतो. दुसरा गैरसमज दुकानात परस्पर मिळणाऱ्या ‘नसांच्या गोळी’चा. ब-१२ कमी असेल तर तिचा उपयोग आहे. पण अशा गोळ्यांत ब-६ ही असते आणि ते वर्षानुवर्षे जास्त मात्रेत घेतले तर त्यानेच नसा बधिर होतात.

खरोखर उपयोगी पडणारी औषधे मुळात दुसऱ्याच आजारांसाठी निघाली. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन नैराश्यावरची, प्रेगाबॅलिन आणि गॅबापेंटिन फिटची. चिठ्ठीवर ती नावे वाचून घाबरण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलेल्या ब्रिटनमधील चाचणीत अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रेगाबॅलिन या तिघांपैकी कोणतेही आधी दिले तरी आराम जवळपास सारखाच पडला, आणि एकाने भागले नाही तेव्हा दुसरे जोडल्याने फायदा झाला. म्हणून निवड ठरते ती माणूस पाहून. अमिट्रिप्टिलिनने झोप येते, पण तोंड कोरडे पडते. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या माणसाला ते सहसा देत नाहीत. प्रेगाबॅलिनने गरगरते, वजन वाढते, पाय सुजतात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा घटवावी लागते. ही औषधे थोड्या मात्रेपासून वाढवत न्यायची असतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ. बरे वाटले म्हणून एकदम बंद करणेही घातक. आग पूर्ण विझेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. ती निम्म्यावर आली आणि झोप लागली तर उपचार यशस्वी मानतात.

घरगुती उपायांत गरम पाण्याची पिशवी आणि ऊन पाण्यात पाय बुडवणे हे सर्वांत धोक्याचे. बधिर तळव्याला चटका कळत नाही; फोड आलेला सकाळी दिसतो आणि जखम महिनोन् महिने भरत नाही. बर्फाचेही तेच. साध्या, नळाच्या गार पाण्यात पाच-दहा मिनिटे पाय ठेवून बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करणे एवढे पुरे. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. वाटीवर येणारा काळा थर म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडली असे मानतात. तो खरे तर धातू, स्निग्धांश आणि घाम यांच्या संयोगाचा रंग. आराम मात्र खोटा नाही. स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, हे संशोधक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. तळव्याला भेग किंवा जखम नसेल, हात हलका असेल आणि नंतर तूप पुसून टाकले तर ही वाटी चालू ठेवायला हरकत नाही. तूप न पुसता फरशीवर पाय ठेवला तर घसरून पडणे ठरलेले.

चादरीचा स्पर्श सोसवत नसेल तर पलंगाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचे खोके किंवा बुटका स्टूल ठेवून पांघरूण त्यावर टेकवावे, पाय आत मोकळे राहतात. काहींना उलट, घट्ट नसलेले सुती मोजे घालून बरे वाटते. सुजलेल्या बोटांत रुतणारी जोडवी झोपताना काढावीत. अमिट्रिप्टिलिनची गोळी अगदी निजताना घेण्यापेक्षा तासभर आधी, डॉक्टरांना विचारून, घेतली तर सकाळची सुस्ती कमी होते. संध्याकाळी चालणे चांगले, पण पायात पादत्राण हवेच. देवळाच्या तापलेल्या फरशीवर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे भाजून घेतलेले मधुमेही दर उन्हाळ्यात दवाखान्यांत येतात.

सकाळी धोका असतो तो तोल जाण्याचा. गोळीची गुंगी उतरलेली नसते, उठताच रक्तदाब पडतो आणि पाऊल जमिनीवर टेकले की नाही हे तळव्याला नीट कळत नाही. म्हणून आधी बसावे, घोटे वर-खाली हलवावेत, दिवा लावावा, मग उभे राहावे. त्यानंतर तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरच्यांना दाखवावे. फोड, भेग, लाली, ओलसर बेचके, चादरीवरचा रक्ताचा डाग, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्ताचा डाग उंदराचाही असू शकतो; बधिर बोट रात्री उंदीर कुरतडतो तेव्हा झोपलेल्याला पत्ता लागत नाही. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांच्या ध्यानात हेच आले होते. बोटे रोगजंतूंमुळे झडत नाहीत, वेदना नसल्याने जखमांवर जखमा होऊन ती जातात, हे त्यांनी दाखवून दिले. आणि उंदरांपासून बचाव व्हावा म्हणून घरी परतणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर देण्याची पद्धत तिथे पडली. तेव्हा कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल आज मधुमेहींना तितकीच लागते. ती घरातही घालावी, आणि घालण्याआधी उलटी करून झटकावी.

काही तक्रारींत सकाळची वाट पाहायची नसते. लघवी तुंबणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल एकाएकी लुळे पडणे, पाय अचानक गार आणि निळसर होणे, जखमेसोबत ताप. तसेच दोन-चार दिवसांत पायांतून वर चढत जाणारी अशक्तता ही मधुमेहाची नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात ज्या गियाँ-बारे आजाराची साथ आली, त्याची ती खूण असते आणि तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो. अशा रुग्णाला रात्रीच, कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे लागते.