सुराला घर हवे

मुदखेड म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते आणि त्याच्या पाठोपाठ आठवतात फुले. काकडा, गुलाब, गलांडा, झेंडू. तुमच्यापैकी ज्यांच्या शेतात फूल आहे त्यांना मी काय सांगावे! फूल तोडणे हे अर्धेच काम. ते कोमेजण्याआधी घेणाराच्या हाती पोचले तर त्याचे मोल. म्हणून टोपली लागते, ओले फडके लागते, वेळेवर गाडी लागते.

गाण्याचेही अगदी असेच आहे. गळ्यातून सूर निघाला, एवढ्याने भागत नाही. तो शेवटच्या माणसाच्या कानापर्यंत ताजा पोचला पाहिजे. त्यासाठी जागा लागते. अशाच एका जागेची, कोल्हापूरच्या नाट्यगृहाची, गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाचा तो काळ. कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. शिक्षकबंधूंना हे नाव नव्याने सांगायला नको. १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारे हेच महाराज. १९०२ साली ते विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोम शहरी त्यांनी जुने गोल क्रीडागार पाहिले. हजारो माणसे चहूबाजूंनी बसतील आणि प्रत्येकाला मधले दिसेल, अशी ती रचना. परतल्यावर त्यांनी खासबागेत कुस्त्यांचे मैदान बांधून घेतले. आणि त्याच्या पाठीस पाठ लावून एक नाट्यगृह. काम १९१३ साली सुरू झाले, १९१५ साली पुरे झाले. नाव ठेवले पॅलेस थिएटर.

एकीकडे तालमीची माती, दुसरीकडे ऑर्गनचा सूर! राजाने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, यातच सारे आले. शरीर कमवावे आणि कानही कमवावा.

त्या काळी अशा जागेची निकड किती होती ते पाहा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्राला संगीत नाटकाचे वेड लागले. पण मंडळ्या गावोगाव फिरत. कुठे कनाती ठोकून, कुठे पत्रे उभारून खेळ होई. ध्वनिक्षेपक नव्हता. नट उघड्या गळ्याने रात्रभर गात असे आणि मागची माणसे ‘मोठ्याने, मोठ्याने’ म्हणून ओरडत. कित्येक चांगले गळे असे ओरडून बसले.

शाहू महाराजांच्या नाट्यगृहात मधे नजर अडवणारा खांब नव्हता. ते फार मोठेही नव्हते, फार लहानही नव्हते. हेच त्याचे मर्म. मागच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा दिसावा आणि त्याचा साधा सूरही ऐकू यावा, इतपतच त्याचा विस्तार.

यात शास्त्र आहे बरे का! आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. समोरची भिंत १७ मीटर, म्हणजे साधारण ५५ फूट, किंवा त्याहून लांब असली, तर तिथून परतलेला आवाज आपल्याला वेगळा ऐकू येतो. तोच प्रतिध्वनी. त्याने शब्दावर शब्द चढतो. फार मोठ्या दालनात गाणे बिघडते ते यामुळे. उलट चारी बाजूंनी मोकळे माळरान असेल तर आवाज पसरतो नि विरून जातो. आणि माणसे? तीही आवाज शोषून घेतात. शिक्षकहो, सुट्टीत रिकामा वर्ग कसा घुमतो आणि मुले येऊन बसली की तो कसा शांत होतो, हे तुम्ही अनुभवले असेलच. म्हणजे ऐकणारा माणूस हाही त्या वास्तूचाच एक भाग असतो.

आता ज्यांचे नाव या नाट्यगृहाला मिळाले त्यांच्याविषयी. केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची गरिबी. लहानपणीच नाटक मंडळीत गेले. जरठ-बाला विवाहावर कोरडे ओढणारे देवलांचे ‘शारदा’ नाटक तुम्हाला माहीत असेल. त्यातली शारदा या मुलाने अशी रंगवली की त्याचे नाव घरोघर झाले. १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षात, त्यांनी हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी देशकार्यासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. पण त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघे एकतीस. पुढे १९५७ साली कोल्हापूरने पॅलेस थिएटरला त्यांचे नाव दिले.

एम.ए. करीत असताना मी एकदा मित्राबरोबर तिथे गेलो होतो. तिकीट अगदी मागचे मिळाले, म्हणून जरा खट्टू होऊन बसलो. पडदा उघडण्याआधी ऑर्गनवाल्याने सहज एक सूर दाबून पाहिला. तो एवढासा सूर चालत माझ्यापर्यंत आला, शेजारी येऊन बसल्यासारखा. नाटकातले पुष्कळसे आज विसरलो आहे. तो सूर विसरलो नाही.

आणि मग ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आदल्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, खुर्च्या, छप्पर, सारे जळाले. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. म्हातारे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. होते तसेच पुन्हा उभारा, असा कोल्हापूरकरांनी आग्रह धरला. शासनाने निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरचे नाट्यगृह जळाले, त्याचे मुदखेडला काय? सांगतो. आमच्याच भागातल्या एका शाळेच्या संमेलनाला मी गेलो होतो. पाचवीतली एक पोर आजीकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला उभी राहिली. दोन्ही बाजूंना माणसाएवढे भोंगे. तिने तोंड उघडले आणि कर्ण्याने अशी शिट्टी मारली की पोर दचकून गप्प झाली. लोक हसले. तिचे डोळे भरले. तेव्हा एक गुरुजी उठले, त्यांनी यंत्राची वायर काढली, मुलांना पुढे सरकून व्हरांड्याच्या कोपऱ्यात दाटीने बसवले आणि म्हणाले, “म्हण गं बाई, आता आम्ही ऐकतोत.” तिने म्हटल्या. मागे भिंत होती, वर छप्पर होते, पुढे ऐकणारी माणसे होती. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

श्रोतेहो, त्या कोपऱ्याचे घटकाभर नाट्यगृहच झाले होते.

मोठी वास्तू बांधणे राजाचे किंवा सरकारचे काम. पण सुराला घर देणे आपल्याही हातात आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात रोज कीर्तन चालते, आपल्या मंदिरांत हरिजागर होतो, दर्ग्याच्या उरुसात कव्वाली होते. या सगळ्या ऐकण्याच्याच जागा. तुमच्या गावात अशी एक जागा शोधा. पार असो, सभामंडप असो, शाळेचा व्हरांडा असो. टाळी वाजवून पाहा, आवाज कुठे घुमतो आणि कुठे नीट बसतो. मग महिन्यातून एक संध्याकाळ यंत्र बंद ठेवून तिथे जमा. गाणारा गावातच निघेल.

टोपली तयार असली की फुलाला मोल येते, हे मुदखेडच्या माणसाला दुसऱ्याने शिकवायला नको.