घराबाहेरील अँटेना : आधी मोजणी, मग खर्च



सह्याद्रीच्या कुशीतील कित्येक गावांत मोबाईलचे इंटरनेट अंगणात मिळते. परंतु जाड भिंतींआड, पत्र्याच्या छपराखाली ते क्षीण होते. मग पाठाची चित्रफीत उतरवून घेण्यासाठी शिक्षकास टेकडी गाठावी लागते. बाहेरील अँटेना हा त्यावर एक उपाय होय. मात्र ती रेडिओलहरी निर्माण करीत नाही, आलेल्या लहरी केवळ गोळा करते, हे ध्यानी असावे.

म्हणून प्रथम मोजणी करावी. राउटरच्या माहितीपानावर 'आरएसआरपी' हा आकडा असतो. तो उणे ८० डीबीएमच्या आसपास असल्यास उत्तम. उणे ११० पर्यंत घसरल्यास क्षीण समजावा. राउटर छपरावर नेऊन पाहावे. तेथे आकडा सुधारत असेल, तरच अँटेना घ्यावी. ती उंच बसवून टॉवरच्या दिशेस वळवावी. केबल जाड व आखूड असावी. कारण लांबीबरोबर शक्ती घटते. राउटरला अँटेना जोडण्याची सोय आहे ना, हे आधी पाहावे. विजेपासून संरक्षणाची व्यवस्था जाणकाराकडून करून घ्यावी. विनापरवाना बूस्टर मात्र बसवू नये. तो बेकायदेशीर असून इतरांच्या सेवेत व्यत्यय आणतो.

छपरावरही लहर पोहोचत नसेल, तर अँटेनेवर पैसा खर्चू नये; ग्रामसभेत टॉवरची मागणी मांडावी.